पत्त्याचा पुरावा

आपल्याकडे माणूस येतो तो दाखला घेऊन आणि जातो तोही दाखला ठेवून. मधल्या काळात तो जिवंत असतो. पण त्यालाही दाखला लागतो.

हे मी अधिकारवाणीने सांगू शकतो. गेली बावीस वर्षे मी बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांकडे दाखलेच मागतो आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कॉलेजात 'डबल एंट्री' शिकलो. बँकेत आल्यावर कळले की खरी डबल एंट्री म्हणजे ग्राहकाला एकाच कागदासाठी दोनदा खेपा घालायला लावणे. पूर्वी आम्हांला 'क्लार्क' म्हणत. आता 'कस्टमर असोसिएट' म्हणतात. नाव बदलले, खुर्ची तीच आहे. तिचा डावा पाय अजून हलतो.

तर त्या शुक्रवारी दुपारी माझ्या काउंटरसमोर आप्पा उभे होते. आप्पा म्हणजे आमचे समोरच्या ब्लॉकमधले शेजारी. वय अठ्ठ्याहत्तर. टपालखात्यात पोस्टमन म्हणून पस्तीस वर्षे गिरगावातले जिने चढले आणि गिरगावातल्याच एका चाळीत राहिले. दोन वर्षांपूर्वी ती चाळ पुनर्विकासासाठी पाडली आणि आप्पा, काकू आणि त्यांचा पितळी बंब असे तिघेही डोंबिवलीला आमच्यासमोर भाड्याने राहायला आले. खाते आमच्या शाखेत आणा, असा आग्रह मीच केला होता. ही माझी पहिली चूक.

आप्पांच्या खात्याची केवायसी थकली होती. पेन्शन आत येत होती. बाहेर जायची वाट बंद होती. आप्पांना काकूंच्या औषधांसाठी चार हजार रुपये हवे होते.

"आप्पा, सध्याच्या पत्त्याचा पुरावा लागेल," मी म्हणालो.

आप्पांच्या आधारकार्डावर गिरगावची चाळ होती, जी आता फक्त आधारकार्डावरच उभी आहे. भाड्याचा करार मुलाच्या नावाने, विजेचे बिल घरमालकाच्या नावाने. आप्पांच्या नावाने डोंबिवलीत फक्त दमा होता.

"अरे, मी तुझ्यासमोर राहतो," आप्पा म्हणाले.

"ते मला माहीत आहे हो. पण सिस्टीमला माहीत नाही."

"मग काल रात्री तुझ्या बायकोनं विरजण कुणाच्या पत्त्यावरून नेलं?"

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो. आप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी पासबुक पिशवीत ठेवले, पिशवीची घडी घातली आणि "बरं" एवढेच म्हणून गेले. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांचे पत्ते शोधले, त्याला भर रांगेत 'तुझा पत्ता काय' असे मी विचारले होते. पैसे मी माझ्या खिशातून देऊ केले असते. पण ते घेणारे आप्पा नव्हेत, हे मला माहीत होते. सिस्टीमला नव्हते.

त्याच रात्री माझा सूड उगवला गेला.

आमच्या घरातले वायफाय गोगलगायीच्या चालीने चालत होते. कारण उघड होते. पासवर्ड म्हणून मी आमच्या लग्नाची तारीख ठेवली होती. ती मला कधी आठवत नाही, पण सगळ्या विंगला पाठ झाली होती. त्या रात्री आमचा भाचा मुक्कामाला आला होता. तो 'नेटवर्किंग'मध्ये आहे. आमच्या वेळी या शब्दाचा अर्थ साहेबांच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहणे असा होता. त्याच्या धंद्यात मात्र खरोखरच्या तारा असतात.

"मामा, पासवर्ड बदलायला राउटरच्या पानावर जा. टाक, १९२.१६८.१.१."

मी टाकले. पडद्यावर लाल त्रिकोण आला. पुढचा मजकूर वाचून माझे पाय गार पडले. तुमचा संपर्क खाजगी नाही, समोरचा कोण आहे याची खात्री देता येत नाही, तो तुमची माहिती चोरू शकेल, वगैरे वगैरे.

आता हा 'समोरचा' म्हणजे आमच्या शोकेसवर, सासऱ्यांच्या फोटोशेजारी बसलेला डबा. त्याचे हिरवे दिवे मला दिसत होते. त्याच्यावरची धूळही ओळखीची होती. तीन हात अंतरावर बसलेल्या डब्याबद्दल यंत्र मला विचारत होते, हा कोण?

"अरे, हा माझ्यासमोर बसलाय!" मी ओरडलो.

"ते तुला माहीत आहे मामा," भाचा शांतपणे म्हणाला. "ब्राउझरला माहीत नाही."

हे वाक्य मी आधी कुठे तरी ऐकले होते. दुपारीच. माझ्याच तोंडून.

मग भाच्याने मला दाखल्यांचे शास्त्र समजावून सांगितले. ते मला इतके चटकन कळले, की तोच चकित झाला. त्याला काय ठाऊक, की हे सगळे आमच्याच धंद्यातून उचलले आहे! इंटरनेटवरच्या दुकानाने आपण खरे असल्याचा दाखला दाखवायचा असतो. हा दाखला देणाऱ्या संस्था ठरलेल्या असतात आणि विश्वासू संस्थांची यादी ब्राउझर खिशात बाळगून असतो. यादीतल्याची सही असेल तर नमस्कार, नसेल तर लाल त्रिकोण. पूर्वी आमच्याकडे खाते उघडायला 'इंट्रोड्यूसर' लागत असे, त्यातलाच प्रकार. जोशांना कुलकर्णी ओळखतात, कुलकर्ण्यांना मॅनेजर ओळखतात आणि मॅनेजरना ओळखण्यावाचून कोणाला गत्यंतर नसते.

"मग या डब्याकडे दाखलाच नाही?"

"आहे ना. पण त्यानं तो स्वतःच स्वतःला दिलाय."

म्हणजे स्वसाक्षांकित! स्वतःच सही, स्वतःच शिक्का, आणि मजकूर असा की 'मी खाली सही करणारा, मी मीच आहे.' असे कागद मी रोज बघतो. मूळ प्रत दाखवल्याशिवाय मीसुद्धा ते घेत नाही.

"मग एखाद्या संस्थेकडून रीतसर दाखला आणू. काय फी असेल ती भरू."

"मिळणार नाही. १९२.१६८ हा खाजगी आकडा आहे. १९९६ साली असं ठरलं, की काही आकडे घरगुती वापरासाठी राखून ठेवायचे. तेव्हापासून जगातल्या लाखो घरांत हाच आकडा आहे. दाखला द्यायचा तरी कुणाच्या घराला?"

हे मात्र मला तत्काळ पटले. '१९२.१६८.१.१' म्हणजे 'मारुतीच्या देवळामागे' असा पत्ता. गावात बिनचूक, गावाबाहेर निरुपयोगी, कारण देवळाशिवाय गाव नाही आणि मागे राहणाऱ्याशिवाय देऊळ नाही.

इतक्यात बेल वाजली. दारात आप्पा. आप्पांचा मोबाईल आमच्याच वायफायवर चालतो, आमच्या परवानगीने. 'पासवर्ड बदलणार असशील तर नवा सांगून ठेव,' असे सांगायला ते आले होते. दुपारचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. सौ.ने चहा टाकला. अशा वेळी चहा हा फार उपयोगी पदार्थ आहे. दोन्ही पक्षांना कपात बघता येते.

पण 'पत्ता' हा शब्द कानावर पडल्यावर पोस्टमन गप्प कसा बसेल? पाच मिनिटांत आप्पा आणि भाचा यांची गट्टी जमली आणि मी माझ्याच घरात प्रेक्षक झालो.

"म्हणजे तुमच्याकडे पत्ते आकड्यांचे?" आप्पांनी विचारले.

"हो. चार आकडे, प्रत्येक शून्य ते २५५. एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते."

"पुरतात?"

"कसले पुरतायत! मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. आता नवी मोठी पद्धत आली आहे, पण जुनीही चालू आहे."

"आमचं उलटं झालं," आप्पा म्हणाले. "आमच्याकडे नावं होती. पण एकाच नावाची पन्नास गावं आणि पत्ता लिहिणाऱ्याचं अक्षर आणखी वेगळं. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला, आपला मराठी माणूस, संस्कृतचा गाढा पंडित. सहा आकड्यांत अख्खा देश बसवला!"

"आणि आमच्याकडे आकडे होते, ते कुणाच्या लक्षात राहीनात, म्हणून १९८३ साली नावांची पद्धत काढली."

आप्पांना याचे फार समाधान वाटले. नावावाल्यांना आकडे हवेत, आकडेवाल्यांना नावे हवीत. बँकेतही तसेच आहे. ग्राहक नाव सांगतो, आम्ही नंबर विचारतो. नंबर सांगितला की नाव विचारतो.

मग भाचा रंगात आला. या मंडळींचे नियम अतिशय गंभीर भाषेत छापले जातात; पण १ एप्रिलला त्यात एखादा चावट नियम घुसडायची त्यांची प्रथा आहे. १९९० च्या १ एप्रिलला डेव्हिड वेट्झमन नावाच्या गृहस्थाने इंटरनेटचे टपाल कबुतरांच्या पायाला बांधून कसे पाठवावे, याचा रीतसर मसुदा काढला. इथवर ठीक होते. पण २८ एप्रिल २००१ रोजी नॉर्वेतल्या बर्गन गावी काही उत्साही मंडळींनी ते खरोखर करून दाखवले. नऊ संदेश सोडले, चारांची उत्तरे आली. सर्वांत जलद उत्तराला पाऊण तासावर वेळ लागला, सर्वांत सावकाश उत्तराला पावणेदोन तास.

सौ. हसली, भाचा हसला. आप्पांचा चेहरा मात्र खात्याच्या चौकशी अधिकाऱ्यासारखा झाला.

"नवातली पाच गहाळ? आणि कुणाला मेमो नाही?"

"कबुतरांना कसला मेमो, आप्पा?"

"ओडिशाच्या पोलिसांनी १९४६ पासून कित्येक वर्षं कबुतरांचं टपाल चालवलं. कबुतराला दोष देऊ नका. पाठवणाऱ्यानं पोच मागायला हवी होती."

"आमच्यातही तसे दोन प्रकार आहेत," भाचा म्हणाला. "एकात प्रत्येक पाकिटाची पोच घेतात, दुसऱ्यात नुसतं सोडून देतात. आमच्यात म्हणतात, त्या दुसऱ्या प्रकारावरचा विनोद मी तुम्हांला सांगितला असता, पण तो तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही."

"पहिलं म्हणजे रजिस्टर आणि दुसरं साधं टपाल," आप्पांनी निकाल दिला आणि ते क्षणभर गप्प झाले. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले, तेव्हा आप्पांनी दोन दिवस सुतक पाळल्यासारखे तोंड केले होते.

"बरं, माझा एक प्रश्न आहे," आप्पा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही, पण प्रश्न माझ्याच पाठीत येऊन बसला. "खाजगी सोडा. जे सार्वजनिक आकडे आहेत, त्यांना तरी पत्त्याचा दाखला मिळतो का?"

"बराच काळ दाखले मुख्यतः नावांनाच मिळायचे. आकड्याला काही संस्था पैसे घेऊन देत. पण लेट्स एन्क्रिप्ट नावाची फुकट दाखले वाटणारी मोठी संस्था आहे, तिनं २०२५ च्या जुलैत आकड्याला पहिला दाखला दिला आणि जानेवारी २०२६ पासून सगळ्यांना खुला केला. मुदत १६० तास."

मी मनातल्या मनात भागाकार केला. सहा दिवस आणि सोळा तास. वाणिज्य पदवी अशी कधी तरी उपयोगी पडते.

"बस? सहा दिवस?" आप्पा म्हणाले.

"आकडा कुणाच्या मालकीचा नसतो आप्पा, भाड्याचा असतो. आज मी वापरतो, उद्या मी सोडला की दुसऱ्याला देतात. मग जुना दाखला खिशात ठेवून मी त्या नव्या भाडेकरूच्या नावावर खपलो तर? म्हणून मुदत थोडी. नावाला त्यांच्याकडे तीन महिने मिळतात. आणि १५ मार्च २०२९ पासून असे सार्वजनिक दाखले कुठल्याच संस्थेला ४७ दिवसांच्या वर देता येणार नाहीत, असं ठरलंय."

आप्पांनी कप खाली ठेवला. "मी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतो. तो वर्षभर चालतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! सरकारचा माझ्यावर केवढा विश्वास आहे, हे मला आज कळलं."

"पण एवढी काळजी घेऊनही घोटाळे होतातच," भाचा म्हणाला. "१.१.१.१ हा फार प्रसिद्ध आकडा. क्रोएशियातल्या एका संस्थेनं मालकाला न विचारता त्याचे बारा दाखले काढले होते. २०२४ च्या फेब्रुवारीपासून चाललं होतं, २०२५ च्या सप्टेंबरात बाहेर आलं. म्हणाले, चाचणीसाठी काढले."

खातेदार समोर नसताना सही साक्षांकित करणे! बारा वेळा! आमच्याकडे एकदा केले तरी बदली थेट गडचिरोलीला. 'चाचणीसाठी' हे उत्तर मात्र मी लिहून ठेवले. बँकेत कधी लागेल सांगता येत नाही.

"पण मला हे सांगा," आप्पा मुद्दा सोडणारे नव्हते, "तो भाडेकरू त्या आकड्यावर खरोखर राहतो, हे ती संस्था कशावरून ठरवते? त्याच्या नावाचं विजेचं बिल मागते?"

माझा चहा घशात अडकला.

"छे! बिल कुठलं? त्याला एक खुणेची चिठ्ठी देतात. ही तुमच्या पत्त्यावर लावून ठेवा म्हणतात. मग संस्थेची यंत्रं वेगवेगळ्या ठिकाणांहून त्या पत्त्यावर जाऊन बघतात. चिठ्ठी तिथं सापडली, की हा तिथं राहतो हे सिद्ध झालं."

आप्पा माझ्याकडे वळले. दुपारनंतर पहिल्यांदाच. "म्हणजे पत्र पोचलं, की पत्ता खरा. अरे, हेच तर मी पस्तीस वर्षं करत होतो!"

मग त्यांनी भाच्याला घरी जाताना दाराबाहेरच्या पायपुसण्याबद्दल विचारले. ते भाच्याने आम्हांला भेट दिलेले, त्यावर लिहिले आहे, '१२७.०.०.१ सारखी जागा नाही.' भाच्याने सांगितले, की तो आकडा म्हणजे यंत्राचा स्वतःचाच पत्ता. जगात कुठेही न्या, त्या आकड्यावर पत्र टाकले की ते आपल्यालाच येते. म्हणून त्यांच्यात त्याला 'घर' म्हणतात.

"म्हणजे चाळ पाडली तरी हा बदलत नाही," आप्पा म्हणाले आणि पायपुसण्याला पाय न लावता ओलांडून गेले.

त्यानंतर मी त्या डब्याच्या लाल त्रिकोणावर 'तरीही पुढे जा' दाबले आणि पासवर्ड बदलला. भाच्याने बजावून सांगितले, की हे स्वतःच्या घरातल्या, डोळ्यांसमोरच्या डब्यापुरतेच. बँकेच्या किंवा कुठल्याही परक्या पानावर असा त्रिकोण आला, तर एक पाऊलही पुढे टाकायचे नाही. त्रिकोण वेडा नसतो. तो फक्त आपल्या घरात बसलेला नसतो.

दुसरा शनिवार आणि रविवार मी अस्वस्थ होतो. चिठ्ठी डोक्यातून जात नव्हती. असे काही तरी आपल्याही कागदांत वाचल्याचे आठवत होते. सोमवारी वेळेआधी शाखेत गेलो, हे बघून शिपायाने घड्याळ तपासले. परिपत्रकांची फाइल काढली. बावीस वर्षे ती फाइल मी खुर्चीच्या हलणाऱ्या पायाखाली द्यायला वापरतो, असा माझा लौकिक आहे. त्यात रिझर्व्ह बँकेचा नियम स्वच्छ होता. केवायसी नवी करताना फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाचे स्वतःचे निवेदन घ्यावे आणि दोन महिन्यांच्या आत त्या पत्त्याची खातरजमा करावी. कशी? तर त्या पत्त्यावर पत्र पाठवून, किंवा अशाच इतर मार्गांनी.

पत्र पाठवून!

आकड्यांच्या दुनियेने जो शहाणपणा केला, तो आमच्या फाइलीत होताच. फक्त त्याच्यावर खुर्ची होती. शुक्रवारी मी 'नियम' म्हणून जे सांगितले, तो नियम नव्हता. ती सवय होती. सिस्टीमला माहीत नव्हते, हे खरे. पण सिस्टीमला सांगायचे कसे, हे शोधण्याचा पगार मला मिळतो, हे मी विसरलो होतो.

साहेबांची सही घेतली, आप्पांना बोलावले. त्यांनी निवेदन लिहिले, टपोऱ्या, एकेक अक्षर सुटे असलेल्या अक्षरात. बारा वाजता खाते मोकळे झाले, सव्वाबाराला काकूंच्या औषधांचे पैसे निघाले. खातरजमेचे पत्र मी स्वतः टपालात टाकले. पाकिटावर पत्ताही स्वतःच लिहिला. ही माझी दुसरी चूक.

कारण पत्र येईना. मंगळवार गेला, बुधवार गेला. आप्पा रोज संध्याकाळी खाली पेट्यांपाशी उभे राहू लागले. पस्तीस वर्षे दुसऱ्यांना ज्या चेहऱ्याने वाट बघताना पाहिले, तो चेहरा आता त्यांचा झाला होता.

सहाव्या दिवशी, शनिवारी, पत्र आले. आप्पा ते घेऊन सरळ आमच्या घरी. पाकीट अजून फोडले नव्हते. त्यांनी ते दिव्याखाली धरले, शिक्के वाचले आणि माझ्या नाकासमोर नाचवले.

"पिनकोड काय लिहिलास?"

"४२१२०२."

"तो डोंबिवली पश्चिम. आपण पूर्वेला. ४२१२०१! रेल्वे ओलांडून पलीकडे गेलं बिचारं आणि परत आलं. तिथल्या पोरानं रस्त्याचं नाव बघून वळवलं म्हणून. यंत्र असतं तर एक आकडा चुकला म्हणून गेलंच असतं उकिरड्यात!"

मी माफी मागितली. शुक्रवारचीही त्यातच मागून टाकली. एकाच पावतीवर दोन नोंदी.

आप्पांनी पाकीट फोडले, पत्र वाचले, घडी घालून खिशात ठेवले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आता पटलं ना, मी इथे राहतो म्हणून?"

"पटलं."

"मग विरजणाची वाटी परत कर. काकूची आहे."